बिस्किटचा उन्हाळी बंगला

दोन ट्रकवर दोन तुकड्यांत आलेलं आणि ओक्लाहोमाच्या वाऱ्यात ठोकळ्यांवर जोडून उभं केलेलं मार्लीसचं घर जुलै लागताच पुन्हा दुभंगलं. पुढच्या अर्ध्यात हवा गार करणारं यंत्र. तिथे तिचा नवरा क्लेटन स्वेटर घालून बेसबॉल बघायचा. मागच्या अर्ध्यात बाळाची खोली. तिथे ठेवलेलं लोणी वितळायचं. ठेवलं होतं अर्थात मार्लीसनेच. थर्मामीटरवर तिचा विश्वास नव्हता, खोलीत लावलेल्या तिन्हींवर नव्हता.

"रविवारी जेवायला येतेय," सासूबाई व्हर्ना फोनवर म्हणाल्या. "तोवर खोली गार झाली तर ठीक, नाहीतर माझ्या नातवाला, एमेटला, उन्हाळाभर टल्साला नेते. माझं घर विटांचं आहे."

"आई, तो माझ्याशिवाय राहायचा नाही."

"तू राहायची नाहीस, पोरी. तो मजेत राहील."

हेच खरं निघेल, याची मार्लीसला जास्त धास्ती होती.

तिने बाळाच्या खिडकीला चंदेरी कागद लावला. "पोराला कागदात गुंडाळलेल्या बटाट्यासारखं भाजायचंय का?" क्लेटनने विचारलं. मग तिने पुढच्या खोल्यांतल्या जमिनीतल्या, गार हवा सोडणाऱ्या जाळ्या बंद करून टाकल्या. एक तोटी बंद केली की दुसरीला जोर येतो, हा तिचा हिशेब. झालं भलतंच. मागचं होतं तसंच राहिलं आणि पुढेही उकडायला लागलं.

"वा!" स्वेटर काढत क्लेटन म्हणाला. "घर एकदाचं एक झालं."

रविवारी व्हर्ना तळलेली कोंबडी आणि पीच भरून भाजलेला गोड पाई घेऊन आल्या. आपल्या गाडीत बाळाची खुर्चीही बसवूनच आल्या होत्या.

"तुमचा कुत्रा कुठाय, बिस्किट?" त्यांनी विचारलं.

"घराखाली," क्लेटन म्हणाला. "बाळ आल्यापासून रुसलाय. जेवायला तेवढा वर येतो."

"अरे देवा! कुत्रं घराखाली जातं ते मरायलाच."

कोंबडीचा वास लागताच मरणोन्मुख बिस्किट दारात हजर झाला. मार्लीसने सवयीने त्याचा ताप पाहिला. घरात येणाऱ्या कुणालाही ती यातून सोडत नसे. कान गारढोण! बाहेर तर पत्रा तापून कडकडत होता.

ती चर्चचा झगा न बदलताच पालथी पडून घराखाली सरपटली.

"मार्लीस! अगं, शेजारी बघतायत!"

"बघू देत!" आतून आवाज आला. मग: "क्लेटन, इकडे उत्तर ध्रुव आहे!"

दोन अर्ध्यांना जोडणारा हवेचा जाड नळा निसटून जमिनीवर पडला होता आणि घरादाराची थंडी बिस्किटच्या बिछान्यावर ओतत होता. शेजाऱ्यांची मांजर तिथे पाहुणी आली होती. मार्लीसने वरच्या जाळ्या बंद केल्यापासून तर त्यांची चंगळच झाली होती.

क्लेटनने नळा जागेवर बसवून पट्टा आवळला, चंदेरी टेप गुंडाळली. मार्लीसने सगळ्या जाळ्या उघडल्या. पाई संपेपर्यंत बाळाच्या खोलीतलं लोणी घट्ट झालं. व्हर्नांनी बोटाने दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं.

"गार आहे," त्या खट्टू होऊन म्हणाल्या.

"जास्तच गार नाही ना?" म्हणत मार्लीस पांघरूण आणायला धावली. परत आली तर हवा बंद! पाळण्याजवळच्या जाळीवर बिस्किट आडवा पसरला होता.

व्हर्नांनी बाहेर गाडीतल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"काय रे, तू तरी येतोस का टल्साला?"

बिस्किटने डोळे मिटून घेतले.