बेकरीच्या मागची भिंत

आक्का उद्या सकाळच्या गाडीनं परत निघणार होती, आणि तिच्या धाकट्या भावाचा जीव टांगणीला लागला होता. दाजी गेल्यापासून ती घरात एकटीच. आमच्याकडेच राहा, असं त्यानं आडून आडून सुचवून पाहिलं, पण तिचं आपलं एकच पालुपद: तुमच्या या शहरात थंडीनं हाडं गोठतात.

मग त्यानं तिला शहर दाखवायला बाहेर काढलं. नुकताच रिटायर झालेला पोस्टमन तो. उघड्यावर ऊब कुठे मिळते हे त्याला तोंडपाठ. लॉन्ड्रीची वाफ सोडणारी मागची खिडकी, लोहाराच्या भट्टीसमोरचा कट्टा, वाचनालयाच्या पायऱ्यांवरचं ऊन. एकेक जागा तो मोठ्या तोऱ्यात दाखवत होता. पण दाखवणं कसलं? तळवे शेकले की चला पुढे. खांद्यावरची पिशवी उतरली म्हणून पायातली भिंगरी थोडीच उतरते? बिचारी आक्का पायरीवर नीट टेकेपर्यंत हा बाबा पुढच्या वळणावर पोचलेला.

शेवटी बेकरीच्या मागची भिंत आली. आतल्या भट्टीनं चांगली तापलेली, आणि तिला लागून एक जुना बाक. आक्कानं पाठ टेकली, डोळे मिटले. यानं सवयीनं दोन्ही तळवे भिंतीला लावले आणि म्हणाला, चल, नदीकाठी आणखी एक झकास जागा आहे.

आक्का हलली नाही.

"ऊब लागते न लागते तोच उठवतोस," ती म्हणाली. "माझ्या घरीही जन्मभर असाच आलास. हे गेले तेव्हासुद्धा घोटभर पाणी प्यायलास आणि निघालास."

तो पार ओशाळला. रजा नव्हती, बदलीला माणूस नव्हता, सगळी कारणं जिभेवर आली होती. ती त्यानं गिळली आणि मुकाट्यानं तिच्या शेजारी बसला. पाय चुळबुळ करत होते, पण हळूहळू पाठ शेकली, मग खांदे. इतकी वर्षं ही भिंत त्याला फक्त तळव्यांपुरती माहीत होती. त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

गल्लीत दिवे लागले तरी तो उठला नाही.

"आक्का, राहा ना गं इथेच," आता त्यानं सरळच म्हटलं. "तू गेलीस की मला करमत नाही."

आक्कानं शालीचं टोक त्याच्या गुडघ्यांवर ओढलं.

"असा बसणार असशील तर राहते," ती म्हणाली. "आता जरा गप्प बस."