प्रश्नचिन्हाचं बटण

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझी सगळी अक्षरं अजून ठळक दिसतात. फक्त प्रश्नचिन्ह तेवढं पार पुसलं गेलंय. ते कसं पुसलं, हीच माझी गोष्ट.

कारखान्यातून मी थेट बातम्यांच्या एका वेबसाइटच्या ऑफिसात आलो. खाली बेकरी, वर आम्ही. माझ्यावर बातम्या लिहायच्या त्या ताई. खोटं अक्षर खपवून घ्यायच्या नाहीत. बेकरीवाले काका आमचे पहिले जाहिरातदार. सकाळी गरम पाव स्वतः वर आणायचे आणि म्हणायचे, "आधी खा, मग जगाला शहाणं करा!" चुरा माझ्या फटींत पडायचा, ताई मला उलटा करून हळूच झटकायच्या. माझे लाड झाले ते तेवढेच.

पण सरळ बातमी वाचतो कोण! वाचक आटले, वेबसाइटचे मालक, आमचे साहेब, कावले. "ताई, मथळा असा हवा की माणसानं चिडून बोट दाबलं पाहिजे. घाबरता कशाला? शेवटी प्रश्नचिन्ह टाका. आपण आरोप करत नाही, नुसतं विचारतो."

विचारायला काय जातंय! 'शेजाऱ्यानेच केला घात?' 'मास्तरांचं हे रूप पाहिलंत?' वाचक तुटून पडले, जाहिराती आल्या. साहेबांनी नवी गाडी घेतली आणि ताईंना शाबासकी मिळाली.

मग एका मुलाच्या पोटात दुखलं. त्यानं सकाळी पाव खाल्ला होता, एवढंच.

"साहेब, खालचे काका आहेत हो ते," ताई विनवत होत्या. "तपासणीत काहीच निघालं नाही."

"मग तेही लिहा की. खाली, शेवटी."

'बेकरीच्या पावात विष?' ताईंचं बोट माझ्या प्रश्नचिन्हावर टेकलं. अडकून बसता आलं असतं, तर बसलो असतो हो! पण आम्हाला नाही म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी काका रिकाम्या हातांनी वर आले. "ताई, शेवटच्या ओळीत लिहिलंय, काही सापडलं नाही. मग वर विचारलंत कशाला?"

बेकरीला कुलूप लागलं. आणि आमचा फायदा? औटघटकेचा! सगळ्याच वेबसाइटी बोंबलायला लागल्यावर आमची बोंब कोण ऐकणार? उद्या आपला नंबर लागेल, या धास्तीनं दुकानदारांनी जाहिराती काढून घेतल्या.

ऑफिस बंद व्हायच्या आधी ताईंनी भांडून एक बातमी लिहिली: 'बेकरीच्या पावात काहीही नव्हतं. चूक आमची.' वाचायला फारसं कुणी फिरकलं नाही. ताई तरी प्रतिक्रियांची वाट पाहत बसल्या. पहिली आली: 'बेकरीवाल्याने किती पैसे चारले?'

आमचंच प्रश्नचिन्ह होतं ते. लोक आमच्याकडूनच शिकले होते. ताई ओंजळीत तोंड लपवून रडल्या.

आता मी कुलूपबंद खोलीत पडून आहे. खालून पावाचा वास येत नाही, फटीत जुना चुरा तेवढा उरलाय. मित्रांनो, मथळ्यावर चिडण्याआधी शेवटची ओळ वाचत जा. वाचाल ना, असं विचारणार होतो. पण नको. माझ्या प्रश्नचिन्हाची आता मलाच भीती वाटते.