दोन पोती कोरडा कचरा

"मावशी, हे काय करून ठेवलंत तुम्ही?"

मोठ्या बाई फाटकातच थबकल्या होत्या. एखादं कुत्रं मागून येऊन घाण करून गेलं की काय, असं वाटून मावशींनी वळून पाहिलं. पटांगण लख्ख होतं. झोपाळ्याखालच्या खळग्यातसुद्धा पान नव्हतं.

"झाडलंय, बाई. पाहुणे यायचेत म्हणून दोनदा हात फिरवला."

"तेच तर! कशाला झाडलंत? आज मुलं कचरा उचलणार, स्वच्छता स्पर्धेचे परीक्षक बघणार, फोटो निघणार. आता मुलांनी उचलायचं काय, माझं डोकं? तिसरीच्या बाईंबरोबर निरोप दिला होता ना, उद्या झाडूला हात लावू नका म्हणून?"

निरोप आला होता, नाही असं नाही. पण तिसरीच्या बाई तक्ता लावता लावता बोलल्या होत्या आणि त्यांच्या ओठांत दोन टाचण्या होत्या. मावशींना ऐकू आलं होतं, 'उद्या झाडाला हात लावू नका.' शाळेला लागून असलेल्या चर्चच्या भिंतीलगत मुलांनी लावलेली बारा रोपं होती. त्यांच्याबद्दलच असणार असं समजून मावशींनी सकाळी त्या रोपांना पाणीसुद्धा घातलं नव्हतं. एका उकारानं घात केला.

"चुकलं, बाई," मावशी म्हणाल्या. "आता काय करायचं?"

मोठ्या बाईंनी घड्याळ पाहिलं. आवाज खाली आणला. "काल-परवाचा कचरा गेला का?"

"नाही. चर्चच्या मागे पोत्यांत आहे. गाडी उद्या येते."

"मग दोन पोती परत पसरा. कोरडा कचरा हं. कागद, वेष्टनं, असलं काहीतरी. ओल्याला हात लावू नका, मुलांचे गणवेश खराब होतील. आणि लवकर!"

सव्वीस वर्षं मावशी त्या शाळेत झाडत होत्या. फक्त 'मावशी'. पोरं मावशी म्हणायची, पोरांचे आईबाप मावशी म्हणायचे, आणि पासष्टीचे फादरही मावशीच म्हणायचे. इतकी भाचरं असलेली बाई गावात दुसरी नसेल, असं मावशी स्वतःच हसून सांगायच्या. सव्वीस वर्षांत त्यांना शाळेनं नाही नाही ती कामं सांगितली होती. उलटी केलेल्या पोराला धुऊन काढ, घंटेच्या दोरीत अडकलेलं कबूतर सोडव, फादरांचा चष्मा शोध. पण कचरा कर, असं कुणी सांगितलं नव्हतं. मावशींना आधी हसू आलं.

आणि करायचं तर ते नीट करायचं, हा त्यांचा स्वभाव. कचरा कुठे कसा पडतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी वेष्टनं कुंपणाच्या कोपऱ्यात नेऊन टाकली, कारण वारा ती तिथेच नेतो. पेन्सिलीची टरफलं पायरीवर, वहीची पानं बाकाखाली. पहिलं पोतं रिकामं झालं तेव्हा पटांगण इतकं खरं घाण दिसत होतं की मावशींचा हात आपोआप झाडूकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला आणि दुसरं पोतं उचललं.

त्या ते पोतं झोपाळ्यापाशी उपडं करत होत्या, तेव्हाच मागून आवाज आला.

"कोण टाकतंय कचरा?"

हरितदूत होते. शाळेनं यंदा प्रत्येक वर्गातून दोन हरितदूत निवडले होते. दंडाला हिरवी फीत, हातात वही. कुणी कचरा टाकताना दिसला की त्याचं नाव लिहायचं, मग तो कोणीही असो, आणि त्यानं सगळ्या शाळेसमोर माफी मागायची. रिक्षावाल्या काकांनी मागितली होती. चॉकलेटचा कागद पडला म्हणून खुद्द फादरांनी कान धरून मागितली होती, आणि शाळा आठवडाभर हसत होती.

हरितदूतांच्या मागे परीक्षक उभे होते. गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर कौतुक. पाहुणे अर्धा तास आधीच आले होते आणि मुलांनीच त्यांना शाळा दाखवायला घेतली होती.

दोन दूतांपैकी एक होती ठकी.

ठकी म्हणजे मावशींच्या लेकीची लेक. लेक गेली तेव्हा ठकी दोन वर्षांची होती, आणि तेव्हापासून मावशींचं जे काही होतं ते सगळं ठकीसाठी होतं. घरात कांद्याचं साल जमिनीवर पडलं तरी ठकी म्हणायची, "आजी, तुझ्या घरात कचरा?" आणि दोघी हसायच्या. जगात सगळ्यात स्वच्छ माणूस कोण, तर आपली आजी, यावर ठकीचा ठाम विश्वास होता.

ठकी पोत्याकडे बघत राहिली. मग आजीकडे.

"आजी, तू?"

मावशींच्या तोंडाशी शब्द आले होते. पण परीक्षकांच्या मागून मोठ्या बाई लगबगीनं येत होत्या आणि मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. आता बाईच सांगतील. बाईंनी सांगितलं म्हणजे पोरीला पटेल.

मोठ्या बाईंनी पोतं पाहिलं, परीक्षकांना पाहिलं, आणि त्या घसा खाकरून म्हणाल्या, "अरे! आपण इकडे यायच्या आधी मी रोपं दाखवणार होते."

"थांबा, थांबा," परीक्षक म्हणाले. "मला हे बघायचंय. मुलं आता काय करतात ते. शाळेतल्याच माणसानं टाकलाय ना कचरा? बघू या, नियम सगळ्यांना सारखा आहे का."

दुसरा दूत चौथीतला होता. त्यानं वही उघडली आणि पेन्सिल रोखली. "मावशी, तुमचं नाव काय?"

सव्वीस वर्षांत शाळेतल्या पोरानं हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता.

"मला येतं," ठकी म्हणाली. "दे. मी लिहिते."

तिनं वही घेतली, गुडघ्यावर ठेवली आणि आजीचं नाव लिहिलं. आजोबांच्या नावासकट, आडनावासकट, एक काना-मात्रा न चुकता. लिहिताना जीभ बाहेर आली होती. पेन्सिल इतकी दाबली होती की टोक मोडलं.

"शाब्बास!" परीक्षक म्हणाले. "ही त्यांची नात का? वा! याला म्हणतात संस्कार."

मोठ्या बाईंनी मान डोलावली.

परिपाठाला सगळी शाळा ओळीत बसली. मोठ्या बाईंनी वहीतलं नाव वाचलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कोण ही? नवीन बाई आल्या का? कुणाला काही कळेना. मग व्हरांड्याच्या टोकावरून मावशी चालत पुढे आल्या आणि पहिलीतलं एक पोर मोठ्यानं म्हणालं, "अरे, या तर आपल्या मावशी!"

फादरांच्या वेळी सगळे हसले होते. आज कुणी हसलं नाही.

मावशींनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. अजूनही वेळ होता. 'मीच सांगितलं होतं', एवढे तीन शब्द. बाई हातातली वही नीट करत होत्या. तिसरीच्या रांगेत ठकी खाली मान घालून बुटाची नाडी ओढत होती. मावशींना राग आला. झालं ते सगळ्या शाळेसमोर ओरडून सांगावंसं वाटलं. पण सांगायचं काय? शाळेनंच कचरा करायला लावला, असं? ठकीला बाई म्हणजे देवाच्या खालोखाल. आजी खोटं बोलून स्वतःला सोडवतेय, असंच तिला वाटलं असतं. आणि खरं वाटलं असतं तर तेही काही बरं नव्हतं.

"चुकलं माझं," मावशी म्हणाल्या. "परत करणार नाही."

टाळ्या झाल्या. मग पोरांनी हातमोजे घालून कचरा उचलला, आणि उचलताना फोटो निघाले. इतकी शिस्तीची शाळा आपण पाहिली नाही, असं परीक्षक जाताना दोनदा म्हणाले.

दुपारी मोठ्या बाईंनी मावशींना जिन्याखाली गाठलं.

"मावशी, मनावर घेऊ नका हं. शाळेचं नाव झालं बघा तुमच्यामुळे. देवाला सगळं दिसतं."

"देवाला दिसतं हो, बाई. ठकीला दिसत नाही." मावशी पुढे झाल्या. "तिनं डबा खाल्ला नाही. माझ्याजवळ आली नाही. मला काही नको. तिला एकटीला बाजूला घेऊन तेवढं सांगा. तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल."

"सांगते ना. शेवटची प्रार्थना आज मीच घेणार आहे तिसरीत. तेव्हा बघते."

शाळा सुटायच्या आधी मावशी तिसरीच्या खिडकीखालचा व्हरांडा झाडायला लागल्या. एरवी तो शेवटी झाडायच्या. आज तिथूनच सुरुवात केली.

आत बाकं वाजली. पोरं उभी राहिली.

"आज कुणाला कुणासाठी प्रार्थना करायचीय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

कुणाच्या आजारी काकासाठी झाली. कुणाच्या हरवलेल्या मांजरासाठी झाली. मग मावशींना वाटलं, आता बाई सांगणार.

"बाई, मी," ठकी म्हणाली.

"हं."

"देवा, माझ्या आजीनं आज कचरा टाकला. ती वाईट नाहीये. ती रोज झाडते म्हणून दमली असेल. तिला माफ कर. आणि मी तिचं नाव लिहिलं म्हणून ती माझ्यावर रागावली असेल, तर तिचा राग जाऊ दे."

बाहेर मावशींचा झाडू थांबला. त्या खिडकीखाली कान देऊन उभ्या राहिल्या.

आत कुणीतरी खोकलं. एक बाक करकरला.

"आमेन," मोठ्या बाई म्हणाल्या.

"आमेन," चाळीस पोरं म्हणाली.

घंटा झाली. दार उघडलं आणि पोरं दप्तरं घेऊन व्हरांड्यात धावली. मावशींनी झाडलेला केर पायांखाली येऊ नये म्हणून भिंतीशी ओढून घेतला आणि त्यांना वाट करून दिली.