टरफलाला भुसकट म्हणणारा माणूस

हातकणंगल्याजवळचं घर बंद करून शालूबाई नवऱ्यासोबत कोल्हापुरात लेकाच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटवर आल्या, त्याला दोन महिने झाले. तेव्हापासून त्यांचं बोलणं बंद होतं. आजार म्हणावा, तर डॉक्टरला काही सापडलं नाही. रुसवा म्हणावा, तर जेवण दोन्ही वेळ. इथं तांदूळ निवडून येई, डाळ सोलून येई. सुपाला काम उरलं नाही, तसं तोंडालाही. चाळीस वर्षं जिच्या बडबडीला वैतागले, तिच्या गप्प बसण्यानं जोतीरामअण्णांचा घास घशाखाली उतरेना.

तशात वरच्या मजल्यावरची मैथिली वही घेऊन आली. ती विद्यापीठात मराठी शिकत होती आणि तिला धान्यांच्या साली-टरफलांचे शब्द गोळा करायचे होते. दाणे सोडून सालीच्या मागं लागलेलं माणूस अण्णांनी प्रथमच पाहिलं. पण शहरात असं काही असेल, म्हणून त्यांनी खुर्ची पुढं केली.

भाताच्या वरच्या कडक सालीला काय म्हणतात, असं तिनं विचारलं. अण्णा म्हणाले, कोंडा. ही त्यांची खरीच चूक होती. पण स्वयंपाकघरातलं शालूबाईंचं लाटणं थांबलं.

अण्णांनी कान टवकारले. शेंगांच्या टरफलाला त्यांनी बिनदिक्कत भुसकट म्हटलं. आत पोळपाट आदळला. हरभऱ्याच्या घाट्याला ते करवंटी म्हणाले, आणि मैथिलीनं तेही वळणदार अक्षरात लिहून घेतलं. शिक्षणाबद्दलचा अण्णांचा आदर जरा कमी झाला, पण चेहरा त्यांनी सरपंचासारखा गंभीर ठेवला.

"आणि तुरीच्या डाळीची साल, आजोबा?"

"तूस."

पिठाच्या हातानं शालूबाई दारात आल्या.

"पोरी, खोटं ते. समदं खोटं." दोन महिन्यांनी निघालेला आवाज खरखरीत होता. "तुरीची ती चुणी. जल्मभर म्हशीला चुणी घातली ह्यांनी, आन् आता तूस म्हनत्यात. सूप कदी हातात धरलंय का, इचार."

अण्णांनी मान खाली घातली. वर ठेवली असती तर डोळे दिसले असते.

तूस भाताचं, कोंडा त्याच्या आतला, टोचतं ते कुसळ, दाणाच भरला नाही ते फोल, असं करत शालूबाई खाली बसल्या त्या तासभर उठल्या नाहीत. चुणीवरून म्हशीवर, म्हशीवरून खळ्यावर, खळ्यावरून सासूवर. मैथिलीनं लिहायचं कधीच सोडलं होतं.

ती गेल्यावर शालूबाईंनी नवऱ्याकडं टक लावून पाहिलं.

"मुद्दाम केलंसा न्हवं?"

"एक खरंच चुकलं व्हतं की."

मग पदराला हात पुसत, शेंगदाण्याच्या तांबड्या पापुद्र्याचं सांगायचं राहिलंच, असं म्हणून शालूबाईंनी चपला घातल्या. फ्लॅटच्या दाराबाहेर त्या आपणहून पहिल्यांदाच पडत होत्या.

थोड्या वेळानं वरून शालूबाईंचा आवाज येऊ लागला. शब्द कळत नव्हते. अण्णांनी पंखा बंद केला.