झाकलं की फाऊल

वीस वर्षं मी टेंभुर्णीच्या शाळेत मुलींना कबड्डी शिकवली आणि वीस वर्षं त्यांच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली: धरलं की सोडायचं नाही. त्यामुळे शाळेत नव्यानंच आलेल्या फ्लॅग फुटबॉलच्या पहिल्या दिवशी काय झालं ते मी फारसं कुणाला सांगत नाही. प्रीती चेंडू घेऊन पळाली, शिवकन्यानं तिचा घोटा धरला आणि बाकीच्या तिघींनी वरून उड्या टाकल्या. मी टाळ्या वाजवल्या. नियम मी नंतर वाचले.

वाचून माझं डोकंच फिरलं. अमेरिकन फुटबॉलमध्ये हेल्मेट घालून एकमेकांना आडवं करतात, पण त्याच्या ह्या धाकट्या भावंडात अंगाला हातसुद्धा लावायचा नाही. प्रत्येकीच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याला दोन्ही बाजूंना एकेक फीत. चेंडूवालीची फीत उपटली की ती जिथं असेल तिथं खेळ थांबला. पाच जणी इकडे, पाच तिकडे. मधली रेषा ओलांडायला चार चान्स, ओलांडली तर शेवटची रेषा गाठायला आणखी चार. गाठली की टचडाऊन, सहा गुण, आणि वर एका जादा गुणासाठी आणखी एक चान्स. चेंडू जमिनीला टेकला की मेला, त्याच्यावर झडप घालायची नाही.

"मंग मॅडम, धरायचं कवा?" शिवकन्यानं विचारलं.

"धरायचंच न्हाई. फीत वढायची आन्‌ बाजूला व्हायचं."

"मंग ह्यो खेळ कोन्या कामाचा?"

कोणत्या कामाचा ते तिलाच आठ दिवसांत कळलं. शिवकन्या मेंढपाळाच्या घरची. कळपातून सुटलेलं मेंढरू धरायचं तर त्याच्या मागे नाही, आडवं पळावं लागतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती आडवी यायची आणि समोरचीला कळायच्या आत फीत हिच्या हातात असायची. जुन्या साड्यांच्या किनारी फाडून आम्ही त्या फिती केल्या होत्या. मलाही ह्या खेळाचं वेड लागलं. घरी जेवताना मी नवऱ्याला वाट्या मांडून डावपेच समजावू लागले, तेव्हा त्यानं वाट्या लपवल्या.

पण शिवकन्याची एक खोड जाईना. पळताना तिचा डावा हात टी-शर्टचं टोक धरून खाली ओढायचा. त्यात तिचा काय दोष? आमच्याकडे पोर बारा वर्षांची झाली की घरोघरी एकच मंत्र सुरू होतो: कुर्ता खाली वढ. मुली सायकलवर बसताना ओढतात, प्रार्थनेला उभ्या राहताना ओढतात, फळ्यापाशी गेल्या तरी ओढतात. मीही माझ्या वयात ओढलाच आहे. इथं मात्र चेंडूवालीचा हात फितीवर आला की तिनं फीत झाकली, म्हणजे फाऊल. टी-शर्ट आत खोचूनच खेळायचं, हाही नियम. महिनाभर मी तिच्यावर ओरडले, दोन्ही हातांत चेंडू देऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, तेव्हा कुठं ती खोड गेली. निदान मला तसं वाटलं.

मग जिल्ह्याची फायनल आली. जिंकणारा संघ विभागाच्या स्पर्धेसाठी संभाजीनगरला जाणार, चार दिवस मुक्कामाला. शिवकन्या बारावीत, म्हणजे तिची ही शेवटचीच संधी. त्यातून तिची आई, आसराबाई, अडून बसली होती. "आधी मी डोळ्यानं बघते मॅडम. बराबर वाटलं तर धाडते, न्हाई तर बिलकुल न्हाई." आणि ती खरंच आमच्याबरोबर जीपमध्ये बसून जालन्याला आली, डोक्यावरचा पदर सारखा करून मैदानाच्या कडेला बसली.

शिवकन्यानं तिच्याकडे एकदा बघितलं आणि महिन्याभराची माझी मेहनत मातीत गेली. हात पुन्हा टी-शर्टवर, खोचलेलं टोक ओढून ओढून बाहेर.

तरी आम्ही झुंजलो. शेवटचं मिनिट राहिलं तेव्हा आम्ही बारा, समोरच्या तेरा. आमचा तिसरा चान्स. प्रीतीनं चेंडू उंच आणि लांब फेकला. शिवकन्यानं दोघींच्या डोक्यावरून तो झेलला, एकीला इकडे झुकवून तिकडून निसटली आणि रेषेच्या पार गेली. मी उडी मारली, माझी एक चप्पल कुठं गेली ते मला कळलं नाही.

शिट्टी वाजली. पंच भुजंग सरांनी स्वतःच्या कमरेवर हात आपटून दाखवला. "फीत झाकली. टचडाऊन रद्द."

चेंडू मागे आला आणि हातात एकच चान्स राहिला. मी टाइमआउट घेतला. शिवकन्या धापा टाकत समोर आली. तिला सोलून काढायला मी तोंड उघडलं, तर तिचा हात अजून टी-शर्टवरच होता आणि डोळे आईकडे. मग माझा राग जिथं जायचा तिथं गेला. मी एका चपलेवर तरातरा आसराबाईकडे निघाले.

"ताई, पोरगी तुमच्या भ्यावानं हरून राह्यली. कमरेची फीत समद्यांला दिसली पाह्यजे, आसा नियम हाय. ती टी-शर्ट वढती, फीत झाकती. झाकलं की फाऊल."

आसराबाईनं मैदानाच्या शेवटच्या रेषेकडे बोट केलं. "म्हंजी आत्ता ती पोचल्ती, ते वढण्यापायी गेलं?"

"हो."

"वढायला तर मीच शिकवलं तिला."

ती उठली, गुडघे झटकले आणि सरळ मुलींच्या घोळक्यात शिरली. शिवकन्या मान खाली घालून उभी. आसराबाईनं सगळ्या मैदानादेखत लेकीचा टी-शर्ट चहूबाजूंनी पँटीत खोचला, पोत्यात कापूस दाबावा तसा दाबून दाबून. पट्टा आवळला. दोन्ही फिती सरळ केल्या.

"शिवे, आता हात लावशील तर माझ्याशी गाठ हाय. माझ्याकडं बघू नको. पुढं बघ आन्‌ पळ."

शेवटचा चान्स. प्रीतीनं चेंडू मागे घेतला, फेकायचं सोंग केलं आणि जवळून धावत जाणाऱ्या शिवकन्याच्या पोटाशी दिला. ती दोन्ही हातांनी चेंडू छातीशी धरून सुटली. पहिलीनं फितीवर हात टाकला, हिनं कंबर फिरवली. दुसरी समोरून आली, ही तिच्या बगलेतून गेली. तिसरी मागे लागली आणि मी मनात म्हणाले, मागं पळून मेंढरू गावत नसतं बाई. फिती वाऱ्यावर फडफडत होत्या, सगळ्यांना दिसत होत्या, आणि एकीच्याही हाताला लागत नव्हत्या.

रेषा ओलांडून ती थांबली नाही, थेट कुंपणापर्यंत गेली. मी भुजंग सरांकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात वर केले. अठरा-तेरा. मी रडले, हे कबूल करायला मला लाज नाही.

ऊन कलताना आम्ही जीपनं परत निघालो. संभाजीनगरचं मी विचारलंच नाही. माझी हिंमत होईना. समोरच्या बाकावर शिवकन्या आईला टेकून बसली होती. टी-शर्ट पुन्हा बाहेर आला होता, आणि अर्धवट झोपेत तिचा डावा हात सवयीनं त्याच्या टोकाकडे गेला.

आसराबाईनं त्या हातावर चापट मारली.

"फाऊल," ती म्हणाली. "संभाजीनगरला जाऊन असंच करशील का?"