सूर्यास्ताच्या आत चाळीस ग्लास

माझ्या वडिलांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, आणि आमच्या बैठकीच्या कपाटात दारूचे चाळीस ग्लास होते. नवा पाहुणा आधी कपाटाकडे बघायचा, मग बाऊजींच्या कपाळावरच्या केशराच्या टिळ्याकडे, आणि काही न विचारता चहा प्यायचा.

बाऊजींचं जळगावात डाळीचं दुकान होतं. महिन्यातून एकदा ते भुसावळला जात. रेल्वेच्या जुन्या बंगल्यांतली माणसं मुलांकडे परदेशी निघाली की घरातलं सामान काढत, आणि बाऊजी त्यातून काचेचं काहीतरी उचलून आणत. शेरीचे ग्लास, ब्रँडीचे फुगीर ग्लास, बिअरचे मग, बर्फाचं भांडं, चिमटा, कॉकटेल हलवायचा डबा, निळ्या काठाच्या जाड बशा. बोन चायनात हाडाची राख असते हे कळल्यापासून बशी घेताना ते विकणाऱ्याला विचारायचे, "ह्यात हाड तर नाही ना?" माशांसाठीच्या सुऱ्या समोर आल्या तेव्हा नमस्कार करून परत आले.

आणलेली वस्तू ते माझ्यापुढे धरत. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. "तुझ्या कादंबऱ्यांतली माणसं ह्यातून काय पितात?" मी सांगायची. ते मान डोलवायचे, ग्लास पुसायचे आणि कपाटात ठेवायचे. वापरले कधीच नाहीत. पहिलाच ग्लास घरात आला तेव्हा त्यांच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे माझ्या भुवासांनी, बजावलं होतं की दारू लागलेल्या काचेतून त्या पाणी पिणार नाहीत.

बाऊजी कार्तिकात गेले. वैशाखात भुवासा धुळ्याहून आल्या, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, नातीच्या गाडीतून, पुढच्या सीटवर बसून. पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या गल्लीतल्या गिरधरने हायवेला हॉटेल काढलंय. त्याला हे कपाटातलं सगळं हवंय. देऊन टाकू."

आई म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हणाले, "नाही."

भुवासांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नूतन, जे वापरात नाही आणि सोडवतही नाही, त्याला परिग्रह म्हणतात. लहानपणी जैन पाठशाळेत तुला ह्याच व्याख्येवर बक्षीस मिळालं होतं."

"मग वापरते."

"कशात? कांदा-लसूण न खाणाऱ्या घरात ब्रँडीचा ग्लास कशात वापरणार?"

"जेवायला बोलावते सगळ्यांना. रीतसर, टेबलावर, सगळं मांडून."

भुवासा आयुष्यभर सासरी पत्ते खेळल्या आहेत. पैज म्हटली की त्यांचा आवाज तरुण होतो. त्यांनी लगेच अटी घातल्या. एकच जेवण. आपलंच अन्न. सूर्यास्ताच्या आत. जी वस्तू खाण्यापिण्याच्या कामी येईल ती घरात राहील, जी नुसती शोभेला उभी राहील ती गिरधरची. "आणि गिरधरलाही बोलाव. त्याच्या देखत होऊ दे."

"तुम्ही कशातून प्याल?"

"मी माझं ताट आणि लोटा घेऊन येईन. मी परीक्षक."

पुढचे चार दिवस मी कागदावर ग्लास मांडत होते. भुवासा सोडून जेवणारे चौघे: आई, भुवासांची नात जिनल, गिरधरभाऊ आणि मी. चाळीस भागिले चार. प्रत्येकाने दहा ग्लास रिकामे करायचे. दहा वेगळी पेयं ठरवली, आणि बर्फ आमच्याकडे चालत नाही म्हणून सगळी माठाशेजारी ठेवून गार करायची. कैरीचं पन्हं, टरबुजाचा रस, धने-बडीशेपेचं सरबत, आमरस, कोकम. बिअरच्या मगांत मसाल्याचं ताक लिहिलं होतं. यादी वाचून दाखवताच भुवासांनी फोनवरच ते खोडायला लावलं. "डाळ-बाटीबरोबर कच्चं ताक? द्विदळ होतं, डाळीशी कच्चं ताक चालत नाही आपल्यात. तापवून घे." म्हणून मगात कढी आली.

ठरल्या दिवशी बरोबर पाच वाजता गिरधरभाऊ आले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि हातात फ्रिजएवढं खोकं.

"हे काय?" मी विचारलं.

"खोकं लईसनच उनू ना मी, ताई! अक्कांनी सांगितलं, संध्याकाळी बठ्ठं, सगळं कपाट मोकळं होणार." भुवासांना ते अक्का म्हणत.

बैठकीत मी जाड पडदे ओढून अंधार केला होता आणि कपाटातल्याच दोन चांदीच्या शमादानांत मेणबत्त्या लावल्या होत्या. बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन, आत थरथरती ज्योत, कूलरची घरघर. चित्रातल्यासारखं दिसत होतं. भुवासा दारातच थांबल्या.

"लाइट गेली का?"

"नाही. मेणबत्तीच्या उजेडात जेवायचं असतं."

"सूर्य बाहेर उभा आहे, त्याला दार लावून तुम्ही आत रात्र केलीत? अंधारात जेवणं म्हणजे रात्रीभोजनच. जिनल, पडदे काढ."

जिनलने पडदे सारले. पश्चिमेचं ऊन सरळ टेबलावर आलं आणि चाळीस ग्लासांच्या पैलूंतून भिंतीभर, छतावर, आईच्या पांढऱ्या साडीवर रंगीत तुकडे उडाले. तीस वर्षांत ते कपाट उन्हात कधी उघडलं नव्हतं.

मग भुवासांनी फुंकर घालून मेणबत्त्या विझवल्या. "भर उजेडात दिवा हा वापर नाही, उधळपट्टी आहे. गिरधर, ही शमादानं तुझी."

शमादानं वर्तमानपत्रात गुंडाळली जाताना मला भुवासांचा राग आला. आत्तापर्यंत मला वाटत होतं की त्या शेवटी मऊ पडतील.

त्यानंतर मी एकही वस्तू सोडायची नाही असं ठरवलं. बर्फाच्या भांड्यात पंचा अंथरून गरम बाट्या ठेवल्या, झाकण लावलं. चिमटा बाटीला असा बसला की जणू तिच्यासाठीच घडवला होता. डिकँटरमध्ये, म्हणजे दारूच्या काचेच्या सुरईत, उकळून गार केलेलं पाणी. बुचाच्या स्क्रूने मी मोरावळ्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं बूच उपसलं, तेव्हा भुवासांनी बोटावर आकडा मोजला आणि "मान्य" म्हणाल्या.

कॉकटेलचा डबा उरला. "आई, हे हलव."

आईने तो दोन्ही हातांत धरला. "ह्यांनी मला कधी ह्याला हात लावू दिला नाही. म्हणायचे, आदळशील."

"आता आदळा वहिनी, कोणी बोलणार नाही," गिरधरभाऊ म्हणाले. "पण असा नाही, खांद्याजवळ धरून. हॉटेलातल्या पोरांना मीच शिकवतो."

"तुम्ही घेता वाटतं?" जिनलने विचारलं.

"मी इकस, पेत नही. गळ्यात माळ शे मनी." दारू फक्त विकण्यापुरती, असं बजावत त्यांनी सदऱ्यातून तुळशीची माळ काढून दाखवली.

आईने धने-बडीशेपेचं सरबत असं हलवलं की तिच्या बांगड्यांच्या आवाजात कूलर ऐकू येईना. ओतताना तिला हसू फुटलं आणि थोडं टेबलावर सांडलं. कार्तिकानंतर तिचं हसू मी प्रथमच ऐकत होते. मी पटकन फडकं आणायला आत गेले.

जेवण रंगलं. गिरधरभाऊ प्रत्येक ग्लास उन्हात धरून नाव सांगायचे, मग त्यात पन्हं आहे हे आठवून खिन्न व्हायचे. सातव्या ग्लासाला ते म्हणाले, "अक्का, हा काय न्याय? मी जो ग्लास पिईन तो माझ्या हातून जातोय. माझाच माल मीच संपवतोय!"

"मग नको पिऊस."

"वहिनींनी आमरस ओतलाय. नाही कसं म्हणू?"

जिनल मोबाइलवर सूर्यास्ताची वेळ बघत होती. सहा छप्पन्न. सव्वासहाला तिचे दहा झाले, मग आईचे. साडेसहाला गिरधरभाऊंनी दहावा मग खाली ठेवला आणि पोटावर हात ठेवून डोळे मिटले. भुवासांनी, आईने आणि जिनलने ताटं धुऊन ते पाणी पिऊन टाकलं, हात जोडून पच्चक्खाण घेतलं. आता उद्या सूर्य उगवेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही नाही.

मी कागदावर खुणा करत होते. "तीस," मी म्हणाले. "आणि..."

टेबलाच्या चौथ्या बाजूला दहा ग्लास कोरडे उभे होते. बशी स्वच्छ. खुर्ची आत ढकललेली.

कादंबऱ्यांतल्या यजमानीणबाई टेबलाच्या टोकाला बसून बोलत असतात. वाढायला दुसरं कोणीतरी असतं आणि त्याचं नाव पुस्तकात येत नाही. मी हिशेब त्यांचा धरला होता आणि दीड तास स्वयंपाकघर ते टेबल फेऱ्या आमच्या घरच्या रीतीने घातल्या होत्या.

"तू जेवलीच नाहीस?" आईने विचारलं.

"गिरधरभाऊ, निदान पाच तरी घ्या," मी म्हणाले.

"ताई, आते पानीना थेंब बी जावाव नही."

"सहा अडतीस," जिनल म्हणाली. "अठरा मिनिटं, मावशी."

भुवासांनी खुर्ची बाहेर ओढली. "बस."

मी बसले आणि पहिल्याच ग्लासाकडे हात नेला. भुवासांनी हातावर चापट मारली. "रिकाम्या पोटी कैरी? आधी बाटी खा."

"वेळ नाही, भुवासा."

"ते मला सांगू नकोस. कार्तिकापासून तू ओट्यापाशी उभी राहून खातेस, हे तुझ्या आईने मला सांगितलंय. गिरधर, चिमटा दे इकडे."

त्यांनी स्वतः चिमट्याने बाटी काढून माझ्या बशीत फोडली. आईने तूप ओतलं. डाळ आली. मी खाल्लं आणि तेव्हा कळलं की मला भूक लागली होती. खरी, पोटातून. मग पन्हं, टरबूज, सरबत. गिरधरभाऊ उठून ओतू लागले, जिनल वेळ सांगू लागली, आई डबा हलवू लागली. सगळे माझ्याभोवती असे उभे की जणू मी कुस्तीच्या फडात उतरले आहे.

"सहा बावन्न. आठ झाले!"

दोन उरले. सगळ्यात लहान, हिरव्या दांड्याचे, अंगठ्याएवढे. जिनलने दोन्हींत कोकम ओतायला वाटी तिरकी केली. दोन घोटांचं काम होतं. भुवासा माझ्याकडे बघत होत्या.

बर्फाच्या भांड्यात एक बाटी उरली होती. अजून गरम होती.

"आई," मी म्हणाले, "ती बाटी दे."

"मावशी! चारच मिनिटं!"

"माहितेय."

आईने बाटी फोडली, तूप घातलं, जरा जास्तच. मी ती सावकाश खाल्ली. बशी धुतली, पाणी प्यायले, हात जोडले. भिंतीवरचे रंग वर सरकत छताच्या कडेला गेले आणि मावळले.

भुवासांनी दोन्ही हिरवे ग्लास उचलून पदराने पुसले आणि गिरधरभाऊंपुढे ठेवले. "पैजेत ठरलं ते ठरलं."

"अक्का, राहू द्या ना. दोन दोन इंचाचे ग्लास..."

"घ्या तुम्ही," मी म्हणाले. माझ्या आवाजाचं मलाच नवल वाटलं.

त्यांनी ते वर्तमानपत्रात इतक्या जपून गुंडाळले की त्यांचे नारळाएवढे दोन गोळे झाले. खोक्यात शमादानांच्या शेजारी ते ठेवले आणि वाकून आत बघत विचारलं, "पण ताई, ह्या कसाना शेतस? कशासाठी असतात?"

"माहीत नाही. बाऊजींनाही माहीत नव्हतं. हिरवे आहेत म्हणून आणले होते त्यांनी."

गिरधरभाऊंनी थोडा विचार केला. "मंग मी बी हिरवा शेतस म्हनीसनच ठेवसू," ते म्हणाले, आणि फ्रिजएवढं खोकं छातीशी धरून, एकेक पायरी चाचपत जिना उतरले.