माझा दिवा आणि श्रीनिवासरावांचा स्वेटर

सन दोन हजार चोवीस, मार्गशीर्षातली थंडी. कोथरूडच्या एका सोसायटीतून, पहिल्या मजल्यावरून बोलतोय. मी हवा गाळणारं यंत्र. उंचीने स्टुलाएवढा, तोंडावर एक दिवा. शिक्षण बेताचं. तीन रंग येतात. हिरवा म्हणजे हवा बरी, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे वाईट. चौथा रंग शिकलो नाही. अडलं नाही.

उमेदीची वर्षं दिल्लीत गेली. आमोद आणि त्याची बायको स्पृहा तिथे नोकरीला होते. दिवाळीला मी लाल व्हायचो तो थंडी सरेपर्यंत लालच. मान होता. पाहुणा आला की आधी मला बघायचा, मग यजमानांना. पण स्पृहाला दम लागायला लागला, श्वास घेतला की छातीत शिट्टी वाजायची. डॉक्टर म्हणाले, शहर बदला. म्हणून दोघं आमोदच्या आईवडिलांकडे पुण्याला आली. मी खोक्यातून आलो.

आमोदच्या वडिलांनी, श्रीनिवासरावांनी, मला पाहून चष्मा कपाळावर चढवला.

"हे काय?"

"हवा शुद्ध करतं, बाबा."

"पुण्यात? उद्या खडकवासल्याला पाण्याची बाटली घेऊन जाशील!"

अपमान झाला. मी लक्षात ठेवतो.

रोज उजाडलं की श्रीनिवासराव खिडकी सताड उघडायचे. "पुण्याची हवा येऊ द्या आत." मग खाली जायचे. तिथे सोसायटीतले म्हातारे वाळक्या पानांचा ढीग पेटवून शेकत बसत. पेटवायचा मान श्रीनिवासरावांचा. ढीग बरोबर आमच्या खिडकीखाली. धूर वर यायचा, स्पृहा खोकायची, मी लाल. मग हे वर येऊन माझ्या शेजारी स्वेटर झटकायचे आणि म्हणायचे, "बिघडलंय हे. दिल्लीची सवय सुटत नाही."

एक दिवस स्पृहा म्हणाली, "बाबा, मला असंच होत राहिलं तर आम्ही बंगळूरला जाऊ. ऑफिस बदली द्यायला तयार आहे. रविवारी कळवायचंय."

इतक्या वर्षांनी मुलगा घरी राहायला आला होता. तो पुन्हा जाऊ नये, एवढंच श्रीनिवासरावांना हवं होतं. त्यावर त्यांनी उपाय काय केला? मंदाकिनीबाईंची, म्हणजे बायकोची, मोठी टिकली आणून माझ्या दिव्यावर चिकटवली. लाल दिसला नाही की हवा स्वच्छ. माणसं शिकलेली असतात.

फडकं मारताना मंदाकिनीबाईंना ती दिसली.

"अहो, माझी टिकली हिला कोणी लावली? सवत आणलीत की काय घरात?"

माझा आवाज घोगरा, अंगाने मी चौकोनी. सवत कुठून दिसलो?

त्यांनी टिकली काढली. दिवा हिरवा होता. तेवढ्यात श्रीनिवासराव खालून आले, स्वेटर झटकला. मी लाल. ते स्वयंपाकघरात गेले. मी पिवळा, मग हिरवा. परत आले. लाल.

"बघा," मंदाकिनीबाई म्हणाल्या, "लग्नापासून मला जे सांगता आलं नाही, ते यानं चटकन सांगितलं."

दारात उभी स्पृहा हसली. हसता हसता खोकू लागली. खोकला थांबेना. श्रीनिवासराव धावत पाणी घेऊन आले. तिने पेला धरला, पण घोट घेता येईना. ते तसेच उभे राहिले. नाकाजवळ स्वतःची बाही नेली, हुंगली आणि मागे सरले.

त्याच दुपारी, झोपेच्या वेळी, त्यांनी मला रिक्षात घातलं आणि स्वारगेटजवळ मकबूलच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. वाटेभर मांडीवर धरलं होतं. मकबूलने माझा फिल्टर ओढून काढला.

"काका, हा फिल्टर आहे की तवा?"

"दिल्लीचा आहे."

"दिल्लीवाले बरे. हवा वाईट आहे हे कबूल तरी करतात."

"भाषण नको. नवा घाला."

भाव विचारला नाही. मकबूल हातातला पाना खाली ठेवून त्यांच्याकडे बघतच राहिला.

नवा फिल्टर बसला आणि मला पुन्हा श्वास आला. म्हणजे माझ्यावर श्रीनिवासरावांचं ऋण झालं. मला ऋण सोसत नाही.

रविवार उजाडला. स्पृहा म्हणाली, "अंघोळ करून येते, मग दिवा बघते. लाल असेल तर बंगळूरला हो म्हणून टाकते."

श्रीनिवासराव बादली घेऊन खाली गेले. आज त्यांच्याआधीच कोणीतरी ढीग पेटवला होता. त्यांनी सगळं पाणी त्यावर ओतलं. मला वर सगळं ऐकू येत होतं.

"अहो, डोकं फिरलं का?" आप्पासाहेब ओरडले. हे शेकणाऱ्यांतले सगळ्यांत जुने. "आम्ही शेकायचं कशावर?"

"घरी चहा प्या."

"कोणाच्या घरी?"

"माझ्या."

श्रीनिवासराव चहाला बोलावतात, हे त्या सोसायटीत कोणी ऐकलं नव्हतं.

पण विझता विझता ढिगाने धुराचा मोठा लोट सोडला. खिडकी नेहमीसारखी उघडी. धूर थेट आत. मी लाल झालो. न्हाणीघरातलं पाणी बंद झालं.

श्रीनिवासराव धापा टाकत जिना चढले. स्वेटर बाहेरच कठड्यावर टाकला होता. बनियनवर कुडकुडत आत आले, खिडकी लावली, कडी घातली आणि माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. मला हात जोडलेले आवडत नाहीत. मी पंखा पूर्ण सोडला. इतकी हवा मी दिल्लीतही ओढली नव्हती. अंग थरथरलं, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. लाल. लाल. पिवळा.

न्हाणीघराची कडी वाजली.

पिवळा.

स्पृहा केस पुसत आली. माझ्याकडे बघितलं. सावकाश मोठा श्वास घेतला. शिट्टी वाजली नाही. दिवा हिरवा होता.

तिने फोन उचलला आणि बंगळूरला नाही म्हणून सांगितलं.

माझं ऋण फिटलं.